स्मारकाच्या कोऱ्या बाजूला बसणारी एलिगिया

आमच्या शहरातलं युद्धस्मारक आता बागेच्या नदीकडच्या फाटकापाशी आहे. पूर्वी ते मधोमध होतं. ते मधून कडेला नेणाऱ्या गवंड्यांत मी होतो. एलिगिया पागदिलाओबद्दल लिहायचं तर स्मारकापासूनच सुरुवात करावी लागते. तिच्यापाशी दुसरं फारसं काही नव्हतं. आता तीही नाही.

स्मारक लोकांनी बांधलं. जपान्यांशी लढाई संपली तेव्हा मनिलाच्या बऱ्याच उत्तरेला, इलोकोसच्या आमच्या बाजूला धड छपराची घरं थोडीच उरली होती. तरी डोंगरातून परत आलेल्या पोरांनी ठरवलं, की जे आले नाहीत त्यांची नावं दगडावर घालायची. पायाचे गोटे नदीतून आणले. बायकांनी डोक्यावरून वाहिले, पुरुषांनी रेड्याच्या घसरगाडीवरून. माझे वडील त्यात होते. ते प्रत्येक गोटा हातोडीने ठोकून बघत. आवाज खणखणीत आला तर ठेवायचा, भद्द आला तर परत नदीत. लोक चिडायचे, एवढा लांबून आणलेला गोटा फेकतोस म्हणून. पण पाया फोडायची पाळी आमच्यावर आली तेव्हा त्यात एकही कुजका गोटा निघाला नाही.

वर शिपाई उभा केला, सिमेंटचा. तो घडवणारा माणूस जन्मभर चर्चसाठी संतांच्या मूर्ती करत आला होता. हात त्याच वळणाला गेला. शिपायाचं तोंड सान रोके या संतासारखं झालं. सान रोकेच्या पायाशी कुत्रा असतो, याच्या हातात बंदूक, एवढाच फरक. पुढे एका वादळात बंदुकीची नळी मोडली, तिथे नळाचा पाइप बसवला. एका महापौराने शिपायाला सोनेरी रंग दिला, दुसऱ्याने पांढरा, तिसऱ्याने पुन्हा सोनेरी. कोणीही जुना रंग खरवडला नाही. थरावर थर चढून त्याच्या सदऱ्याची बटणं दिसेनाशी झाली. कामचुकारपणा असा वर्षानुवर्षं साठत जातो.

चौथऱ्याच्या तीन बाजूंना संगमरवरी पाट्या, पाट्यांवर नावं. चौथी बाजू कोरी ठेवली होती. पुढे आणखी कोणाचं कळलं तर घालू म्हणून. कोणाचं कळलं नाही. ती बाजू तशीच राहिली.

एलिगिया त्या बाजूला बसायची.

बागेसमोर रस्त्यापलीकडे तिची एक खोली होती. खोलीत माग. ती घोंगडीसारख्या जाड सुती चादरी विणायची. दिवसभर मागाची खटखट रस्त्यावर ऐकू यायची. संध्याकाळी खटखट थांबली की ती खराटा घेऊन रस्ता ओलांडायची, चौथऱ्याभोवती झाडायची आणि मग कोऱ्या दगडाला पाठ टेकून बसायची. नगरपालिकेने तिला कामावर ठेवलेलं नव्हतं. तरी पालिकेच्या झाडूवाल्यांनी तेवढा तुकडा तिच्यावर सोडला होता, आणि खरं सांगायचं तर तेवढाच तुकडा स्वच्छ असायचा. कडेचं गवत ती बसून बोटांनी उपटायची.

तिच्या भावाचं नाव डाव्या पाटीवर होतं. पण तिने त्या बाजूला तोंड केलेलं मी कधी पाहिलं नाही. मृतांच्या दिवशी बाकीची घरं नावांच्या पाट्यांपुढे मेणबत्त्या लावायची. ही आपलं ताट मागच्या बाजूला ठेवायची. चिकट तांदळाची गोड वडी, उकडलेलं अंडं, सुक्या मासळीचा तुकडा, उसाच्या दारूचा पेला. ताट रात्रभर तिथेच, सकाळी येऊन न्यायचं. आम्हाला वाटायचं, बाई भिडस्त आहे, गर्दीत मिसळत नाही.

एकदा चौथऱ्याच्या कडेला तडा गेला होता तो भरायला मी गेलो. ती बसलेलीच होती. मी म्हटलं, "मनांग, जरा सरकता का?" मनांग म्हणजे थोरली बहीण. आमच्याकडे वयाने मोठ्या बाईला असंच म्हणतात.

ती सरकली. थोड्या वेळाने म्हणाली, "तडा नुसता वरून लिंपू नकोस. आत साफ कर आधी."

"तेच करतोय, मनांग."

"मागच्याने वरून लिंपलं होतं."

"मागचा माझा मेहुणा होता."

"मग त्याला सांग."

तिथून आमचं बोलणं सुरू झालं. बोलणं म्हणजे चार वाक्यं. त्या चार-चार वाक्यांतून मला कळलं ते असं. घर लढाईत जळलं. वडील आधीच गेले होते, आई त्या वर्षी गेली. उरली ही आणि डोंगरात लढायला गेलेला धाकटा भाऊ. तो आला नाही. प्रेतही आलं नाही. ज्या उतारावर तो होता तो उतारच तोफांनी उकरून निघाला होता. लग्नासाठी एक-दोघांनी विचारलं, पण हिचं लक्ष डोंगराकडे. मग स्मारक झालं, आणि ही भावाला आणायला गेली.

आणायला म्हणजे कशी, ते आमच्या लोकांना सांगावं लागत नाही. नदीवरून उठताना, परगावाहून निघताना, दवाखान्यातून घरी जाताना आम्ही आपलं नाव घेतो, पोराचं घेतो आणि म्हणतो, "चल, मागे राहू नकोस." आत्मा रमतो. शरीर चालायला लागलं तरी तो तिथेच राहतो. हाक मारली की येतो. नाही मारली तर माणूस घरी येऊन तापाने पडतो. मेलेल्याचंही तेच. एलिगिया भावाचा जुना सदरा घेऊन त्या डोंगरावर गेली आणि हाका मारत उतरली. प्रत्येक वळणावर, प्रत्येक ओढ्यापाशी. खाली बसगाडीत शेजारची जागा रिकामी ठेवली. त्यावरून कंडक्टरशी भांडण झालं म्हणे. घर तर उरलं नव्हतं, म्हणून तिने त्याला दगडापाशी आणलं.

"तिथे आहे तो," तिने मला सांगितलं. "टेकलं की कळतं."

मी तडा भरला. आत साफ करून.

पुढे महापौरांच्या मनात कारंजं आलं. गाण्यावर नाचणारं, रंगीत दिव्यांचं. ते बागेच्या मधोमधच हवं होतं, आणि तिथे स्मारक. ठरलं, की स्मारक नदीकडच्या फाटकापाशी न्यायचं. तिथे आम्ही नवा चौथरा बांधून ठेवला. त्यावर पाट्या बसवायच्या, शिपाई उभा करायचा, आणि जुना पाया फोडून कारंज्याचा खड्डा करायचा. शिपायासाठी क्रेन शनिवारी येणार होती.

त्याआधी पाट्यांच्या कडेचा चुना आम्ही टाकीने सोडवत होतो. हे काम घणाने होत नाही. घण मारला की संगमरवर मधोमध जातो. बारीक टाकी, हलके ठोके, आणि ओल्या गोणपाटाची गादी. माझ्याबरोबर क्रिस्पुलो होता. कामात चांगला, तोंडाने सुटलेला. शिपायाला बघून म्हणायचा, "हातातला पाइप काढा आणि कुत्रं आणून बसवा. मिरवणुकीत खांद्यावर घेऊ."

एलिगिया आली. खराटा नव्हता हातात.

"आदिंग, हे कधी हलवणार?" वयाने लहान असलेल्याला ती आदिंग म्हणायची, धाकट्या भावाला म्हणतात तसं.

"शनिवारी, मनांग. शिपाई आणि पाट्या दोन्ही."

"पाट्यांचं नाही विचारत मी."

मला कळलं. क्रिस्पुलोलाही कळलं. तो म्हणाला, "हाक मारायची ना? मी मारतो, मनांग. माझा आवाज माझ्या बायकोला विचारा. मी घरात ओरडलो की नदीपलीकडचे रेडे उठून उभे राहतात."

"बायको उठते का?"

"ती तेवढी उठत नाही."

एलिगिया हसली. तिला हसताना मी फार कमी पाहिलं. मग म्हणाली, "बाकीच्यांना तू मार. माझ्या भावाला मी मारेन. शनिवारी सकाळी येते. मी येईपर्यंत हात लावू नका."

"नाही लावणार," मी म्हणालो.

क्रेन गुरुवारीच आली. शनिवारी ती बंदरावर हवी होती. इंजिनिअर क्रेनबरोबरच आला. वाईट माणूस नव्हता. मला म्हणाला, "मेल्चोर, आज नाही उचललं तर पुन्हा क्रेन कधी मिळेल सांगता येत नाही."

क्रिस्पुलो धावत एलिगियाच्या खोलीवर गेला. कुलूप. शेजारणीने सांगितलं, सूत आणायला गावाकडे गेली आहे, उद्या रात्री येईल.

आम्ही बसून विचार केला. क्रेनवाला भोंगा वाजवत होता. क्रिस्पुलो म्हणाला, "नावं दगडावर कोरलेली आहेत. तिच्या भावाचंही आहे. तिच्या वाटचं आपण करू, नीट करू. यात काय वावगं?" वावगं काही दिसत नव्हतं. आपल्याच माणसांना आपल्याच रीतीने न्यायचं होतं.

आणि नीट केलंही. क्रिस्पुलोने टोपी काढली. चेष्टामस्करी बंद. एकेक पाटी उचलण्याआधी तो त्यावरची नावं वाचत गेला. नाव, मग "चल, मागे राहू नकोस." पुढचं नाव, मग पुन्हा तेच. क्रेनवाला मनिलाकडचा. आधी तो हसला, मग त्याने इंजिन बंद केलं आणि शेवटचं नाव होईपर्यंत बंद ठेवलं. डाव्या पाटीवर तेलेस्फोरो पागदिलाओ हे नाव आलं तेव्हा क्रिस्पुलोने ते तीनदा घेतलं, छाती भरून. मनांगचा भाऊ म्हणून.

मग पाट्या उचलल्या. शिपायाच्या काखेतून पट्टे घातले, पट्ट्यांखाली गोणपाट. तो वर गेला, हळूहळू फिरला आणि नव्या जागी बसला. बसताना ब्लेडचं पातं जाईल एवढीही फट राहिली नाही. शुक्रवारी आम्ही जुना पाया फोडला, खड्डा घेतला, सळया बांधल्या. शनिवारी काँक्रीट ओतायचं होतं.

शनिवारी सकाळी एलिगिया टोपली घेऊन आली. टोपलीत झाकलेलं ताट, त्यावर घडी केलेला जुना सदरा. समोर खड्डा, सळयांची जाळी, मिक्सर. ती थांबली. मी पुढे झालो.

"मनांग, क्रेन लवकर आली. क्रिस्पुलो तुम्हाला बोलवायला आला होता, खोलीला कुलूप होतं. पण काळजी करू नका, आम्ही सगळ्यांना हाक मारली. तुमच्या भावाला तर तीनदा."

"काय नाव घेऊन मारली?"

"पाटीवर आहे तसंच. तेलेस्फोरो."

तिने टोपली खाली ठेवली. "मोठ्याने?"

क्रिस्पुलो मागून आनंदाने म्हणाला, "पार बाजारात ऐकू गेली असेल, मनांग."

ती एकदम मातीतच बसली. पाण्याची बाटली दिली ती घेतली नाही. टोपलीतला सदरा मांडीवर घेतला आणि सांगू लागली.

"तो तीन वर्षांचा होता. तापाने नुसती हाडं राहिली होती. आजीने त्याला मोठ्या लाकडी परातीखाली घातलं आणि नवीन नाव दिलं. अम्बो. ज्या नावाच्या पोराला आजार शोधत होता, तो पोर आता इथे नाही म्हणून. ताप उतरला. मग ते नाव आमच्या घरात कोणी काढलं नाही. आईने नाही, मी नाही. त्यालाही ते आपलं वाटत नव्हतं."

आमच्याकडे ही रीत अजून आहे. माझ्या आत्याचं असंच झालं होतं.

"लढायला गेला तेव्हा चर्चच्या वहीतलं नाव लिहून घेतलं त्यांनी. मी सांगितलं, अम्बो लिहा. म्हणाले, बाप्तिस्म्याचंच लागतं. लिहिलं, आणि मरणाने त्याला बरोबर शोधून काढलं." तिने खड्ड्याकडे बघितलं. "तुम्ही त्या नावाने हाक मारलीत. तो कसा येईल? तो उलट लपला असेल. बाकीचे सगळे निघून गेले आणि हा एकटा इथे."

क्रिस्पुलोचं तोंड उतरलं. "मनांग, मी परत मारतो. आत्ता मारतो."

"तू नको मारूस आता."

इंजिनिअर आला. "मेल्चोर, माल तयार आहे."

मिक्सर फिरत होता. फिरतंय तोवर ठीक. पण उन्हात माल किती वेळ धरायचा यालाही हद्द असते. मी इंजिनिअरला म्हटलं, "थोडा थांबा."

"माल थांबत नाही, हे मी तुम्हाला सांगायचं?"

"हा माल गेला तर जाऊ दे, साहेब. दुसरा कालवू. घाम आमचाच आहे."

त्याने एलिगियाकडे बघितलं, सदऱ्याकडे बघितलं. तोही आमच्याच मुलखातला. बाजूला जाऊन सिगारेट पेटवली.

एलिगियाला खड्ड्यात उतरायचं होतं. शिडी लावली, मी ती धरली. खाली सळयांवर पाय ठरत नव्हता, म्हणून क्रिस्पुलोने फळी टाकली आणि वर येऊन पाठ करून उभा राहिला. ती मधोमध गेली. सदरा दोन्ही हातांनी पुढे धरला, लहान मुलाला घालायला धरतात तसा.

"अम्बो," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. "अम्बो, मी आहे. ते गेले. भिऊ नकोस. चल, मागे राहू नकोस."

तीच वाक्यं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मिक्सर घरघरत होता, त्यातून कधी ऐकू यायचं, कधी नाही. मग ती वर आली आणि चालू लागली. सदरा हातात, मान खाली. "इथे पायरी आहे, अम्बो. इथे नळी आहे, जपून. आता वळायचं." टोपली मी घेतली आणि बराच मागे राहून गेलो.

नव्या जागी पोचल्यावर ती चौथऱ्याला वळसा घालायला निघाली, तिची बाजू शोधत. बाजू नव्हती. जागा अपुरी म्हणून चौथरा कुंपणाच्या भिंतीला अगदी लावून बांधला होता. नावांच्या तिन्ही पाट्या बाहेर, कोरी बाजू भिंतीला. मध्ये हात जाईल एवढी फट. तिने फटीत हात घालून बघितला.

"इथे कुठे बसायचं, आदिंग?"

नकाशा इंजिनिअरचा, बांधकाम आमचं. ओळंब्यात, काटकोनाच्या गुण्यात, कुठे बोट दाखवायला जागा नव्हती. कोणाला तिची आठवण मात्र झाली नव्हती.

मी म्हणालो, "मनांग, मी पाटीवर अम्बो असं कोरून देतो. जुनं नाव घासून काढतो. इंजिनिअरना मी सांगेन."

"नको. एकदा कुठे लिहिलं की ते कोणीही वाचतं. कोणीही हाक मारतं." तिने शिपायाकडे, पाइपाच्या बंदुकीकडे एकदा वर बघितलं. "आणि यालाही उद्या हलवतील. मग परत मी कुठे शोधू?"

तिने सदरा पुन्हा पुढे धरला. "चल, अम्बो. इथे नाही."

फाटकातून ती रस्त्यावर आली. हात वर करून तिने रिक्षा थांबवल्या, एक ट्रक थांबवला. स्वतः पुढे गेली, तरी हात खाली घेतला नाही. मागे चालणारा हळू चालतो असं समजून वाट बघत राहिली. ट्रकवाला ओरडला, "बाई, आणखी कोण यायचंय?" मग तिने हात खाली घेतला. खोलीचं कुलूप काढलं, दार पूर्ण उघडलं आणि बाजूला होऊन उभी राहिली. बऱ्याच वेळाने आत गेली. मी टोपली उंबऱ्यावर ठेवून परत फिरलो.

तो माल वाया गेला. आम्ही दुसरा कालवला आणि अंधार पडायच्या आत खड्डा भरला.

त्यानंतर ती स्मारकापाशी आली नाही. झाडायचं काम पालिकेकडे गेलं, म्हणजे कोणाकडेच नाही. कारंजं एक-दोन सणांना नाचलं, मग त्याचा पंप गेला. मागाची खटखट मात्र चालू होती. पूर्वी ती संध्याकाळी थांबायची, आता थांबत नसे. बागेतून जाताना मला ती दिवे लागल्यावरही ऐकू यायची.

काही वर्षांनी माझ्या मुलीचं लग्न ठरलं. चादर घ्यायला मी तिच्याकडे गेलो. ती पुष्कळ वाळली होती. खोलीत माग, एक खाट, आणि खाटेसमोर दोन खुर्च्या. मी एकीवर बसायला गेलो. "ती नको," ती म्हणाली. मी खाली बसलो.

तिने चादरी दाखवल्या. वीण पहिल्यासारखीच घट्ट होती. मी एक निवडली. ती घडी घालत असताना मी विचारलं, "मनांग, त्या दिवशी आला का तो?"

तिचे हात थांबले नाहीत. "माहीत नाही."

"म्हणजे?"

"तिथे दगडाला टेकलं की कळायचं. इथे कळत नाही. कधी वाटतं आहे, कधी वाटतं अजून त्या कारंज्याखालीच आहे आणि मी रिकाम्या खोलीशी बोलते."

"मग ताट?"

"ताट वाढते. नेमाने." तिने घडी दाबून सारखी केली, कोपऱ्याला कोपरा लावून. "तिथे सकाळी जायचे तेव्हा ताट रिकामं मिळायचं, आदिंग. कुत्री खात होती, मांजरं खात होती, मला काय कळत नव्हतं? पण रिकामं मिळायचं. इथे सकाळी जसंच्या तसं असतं. मग मीच खाते."

तिने चादर माझ्या हातात दिली आणि पुन्हा मागावर जाऊन बसली.